किडे पाळून प्रथिनं मिळवायची असतील तर आधी खाद्याचा आणि उष्णतेचा हिशेब मांडा

तुम्ही विचारलं आहे की खाण्यायोग्य किड्यांची शेती खरोखर पर्यावरणाला परवडते का, की तो नुसता गाजावाजा आहे. शिवाय एका रिकाम्या खोलीतून चार माणसांच्या घराला उपयोगी पडेल इतकं उत्पादन निघेल का, आणि सुरुवात रातकिड्यांपासून करावी की मीलवर्म या भुंग्याच्या अळीपासून, हेही तुम्हाला हवं आहे. मी बरीच वर्षं दोन्ही पाळतो आहे आणि नव्यानं सुरू करणाऱ्यांना शिकवतोही, त्यामुळे उत्तर लांबणार आहे. पर्यावरणाचा मुद्दा आधी घेतो, कारण बाकीची उत्तरं त्यावरच अवलंबून आहेत.

तुम्ही बहुधा हा आकडा वाचला असेल: एक किलो रातकिडे वाढवायला १.७ किलो खाद्य पुरतं आणि गाईगुरांचं एक किलो वजन वाढवायला सुमारे १० किलो लागतं. शिवाय रातकिड्याचा जवळजवळ ८० टक्के भाग खाता येतो, कोंबडीचा ५५ आणि गुरांचा ४० टक्के. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं २०१३ मध्ये खाण्यायोग्य किड्यांवर मोठा अहवाल काढला, तेव्हापासून हे आकडे जगभर फिरत आहेत. आकडे चुकीचे नाहीत. फरकाचं कारणही साधं आहे. किडा शीतरक्ताचा असतो. शरीर गरम ठेवण्यासाठी त्याला खाल्लेलं अन्न जाळावं लागत नाही, त्यामुळे खाद्याचा मोठा वाटा थेट वाढीला जातो.

पण या १.७ च्या आकड्यामागे एक अट आहे आणि ती फार कमी ठिकाणी छापली जाते. त्या रातकिड्यांना चांगल्या प्रतीचं, धान्य आणि पेंड असलेलं खाद्य दिलेलं होतं. २०१५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी रातकिड्यांना वेगवेगळी खाद्यं देऊन पाहिली. कोंबडीखाद्यावर वाढलेल्या रातकिड्यांनी खाद्यातल्या प्रथिनांपैकी साधारण ३५ टक्के अंगी लावली, म्हणजे कोंबडीपेक्षा जेमतेम वरचढ. प्रक्रिया करून नीट तयार केलेल्या अन्नकचऱ्यावरही ते बऱ्यापैकी वाढले. फारशी प्रक्रिया न केलेल्या शहरी अन्नकचऱ्यावर आणि पेंढ्याच्या मिश्रणावर मात्र ९९ टक्क्यांहून अधिक रातकिडे विक्रीच्या आकाराला पोचण्याआधीच मेले. ‘काहीही टाका, किडा त्याचं प्रथिन करून देतो’ ही समजूत यामुळे पार मोडते. रातकिडा उकिरड्यावर दिसतो, पण उकिरड्यावर वाढत नाही.

आता समजा तुम्ही रातकिड्यांना कोंबडीचंच उत्तम खाद्य घातलं. मग कोंबडीच्या तोंडचं धान्य तुम्ही किड्याला दिलंत आणि जवळपास तेवढंच प्रथिन परत मिळवलंत. जागा वाचली, पाणी वाचलं, पण शेतातून येणारं धान्य वाचलं नाही. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिला प्रश्न हाच विचारतो: तुमच्या परिसरात माणूस खात नाही, कोंबडी-डुकराच्या खाद्यातही जात नाही किंवा कमी प्रमाणात जातो, असा स्वच्छ आणि एकसारखा वनस्पतिजन्य उपउत्पादनाचा पुरवठा कायम मिळेल का? पिठाच्या गिरणीचा कोंडा, तेलघाण्याची पेंड, बिअर गाळून उरलेला चोथा, फळांच्या रसाच्या कारखान्यातला गर. यातलं एखादं भरवशाचं असेल तर तुमची शेती पर्यावरणाच्या हिशेबात खरोखर जमेच्या बाजूला येते. नसेल तर ती एक चांगली, शिकवणारी गोष्ट म्हणून जरूर करा, पण जग वाचवतो आहोत असं समजून करू नका.

कायद्याचाही इथे संबंध येतो. युरोपीय संघात पाळीव किडे कायद्यानं ‘पाळीव जनावरं’ ठरतात. त्यामुळे त्यांना शेण, उपाहारगृहातलं उरलंसुरलं अन्न किंवा मांस-हाडांचं पीठ घालता येत नाही. तिथे माणसाच्या खाण्यासाठी पहिली परवानगी २०२१ मध्ये सुकवलेल्या मीलवर्मला मिळाली. त्याच वर्षी टोळाला, २०२२ मध्ये घरगुती रातकिड्याला आणि २०२३ मध्ये लेसर मीलवर्म या लहान भुंग्याच्या अळीला मान्यता मिळाली. सिंगापूरनं २०२४ मध्ये एकदम १६ जातींना हिरवा कंदील दाखवला. तुम्ही घरापुरतं पाळणार असलात तरी विक्रीचा विचार मनात असेल तर आपल्या देशाचा नियम आधी वाचून घ्या. जात मान्य आहे का आणि तिला कोणतं खाद्य चालतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि परवानगी बहुतेक वेळा दुसरीवर अडते.

खाद्याइतकाच मोठा दुसरा खर्च उष्णतेचा. किडा स्वतःचं शरीर तापवत नाही, म्हणून ती ऊब तुम्हाला खोलीत निर्माण करावी लागते. रातकिड्यांना २८ ते ३२ अंश सेल्सिअस लागतं, मीलवर्मला २५ ते २८. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१२ मध्ये मीलवर्मच्या उत्पादनाचा, खाद्य पिकवण्यापासूनचा संपूर्ण पर्यावरणीय हिशेब मांडला. जमिनीच्या बाबतीत मीलवर्म सरळ जिंकला: जितकं प्रथिन मीलवर्मपासून १ हेक्टरवर मिळतं, तितक्यासाठी दुधाला २.५ हेक्टर, डुक्कर किंवा कोंबडीला २ ते ३.५ आणि गोमांसाला १० हेक्टर लागतात. ऊर्जेच्या बाबतीत मात्र तो दूध आणि चिकनपेक्षा महाग पडला आणि डुक्कर-गोमांसाच्या आसपास पोचला. थायलंडमध्ये २०१३ च्या सुमारास जवळपास २०,००० रातकिडापालक होते आणि वर्षाला साडेसात हजार टनांच्या घरात उत्पादन होतं. तिथे हा व्यवसाय खेड्यापाड्यांत रुजला, त्यात उबदार हवेचा वाटा मोठा आहे. त्याउलट फ्रान्समधल्या यिन्सेक्ट या कंपनीनं प्रचंड भांडवल उभारून मीलवर्मचा अजस्र स्वयंचलित कारखाना बांधला. २०२३ मध्ये ऊर्जा आणि कच्च्या मालाच्या वाढलेल्या खर्चाचं कारण देऊन तिनं पशुखाद्याचा बाजार सोडला आणि पाळीव प्राण्यांच्या खाद्याकडे मोर्चा वळवला. तरीही २०२४ मध्ये दिवाळखोरी टाळण्यासाठी तिला न्यायालयाच्या संरक्षणाखाली जावं लागलं. यावरून किडेशेती वाईट ठरत नाही. पण बाहेरून आणलेली वीज आणि विकत घेतलेलं खाद्य यांवर ती फार काळ तग धरत नाही, एवढं नक्की दिसतं.

तुमच्यासाठी याचा व्यवहारी अर्थ असा की अख्खी खोली कधीही तापवू नका. उष्णतारोधक पत्रे आतून लावलेलं एक बंद कपाट करा, त्यात छोटा हीटर आणि थर्मोस्टॅट बसवा आणि हवा खेळती राहील इतकी भोकं ठेवा. ऊब वर चढते, म्हणून अंडी आणि नुकती फुटलेली पिल्लं वरच्या फळीवर, मोठे किडे खाली. शिवाय किडे वाढले की ते स्वतःच ऊब देतात, ही गोष्ट पुस्तकात वाचून पटत नाही. पूर्ण वाढलेल्या मीलवर्मच्या दाट ट्रेमध्ये मधोमध बोट खुपसून पाहा. कडेला कोंडा खोलीइतकाच असतो आणि मध्ये स्पष्ट गरम लागतो. थर चार-पाच सेंटीमीटरपेक्षा जाड झाला तर मधल्या अळ्या त्या उष्णतेनं मरू लागतात आणि एका रात्रीत ट्रे काळा पडतो. तेव्हा मोठ्या अळ्यांचे ट्रे थंड बाजूला ठेवायचे आणि त्यांची ऊब लहानांना मिळेल अशी मांडणी करायची. मांडणी नीट जमली की विजेचा वापर डोळ्यांदेखत उतरतो.

आता कोणता किडा हा प्रश्न. माझं मत स्पष्ट आहे: पहिले सहा महिने मीलवर्म, मग रातकिडे. टोळ सध्या विसरा. त्याला रोज ताजं गवत लागतं, भरपूर उजेड आणि उष्णता लागते आणि तो निसटला तर शेतीची कीड म्हणून अनेक ठिकाणी गुन्हा ठरू शकतो. ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीची अळी ओल्या कचऱ्यावर अप्रतिम वाढते, पण तिची जागा मुख्यतः कोंबडी आणि माशांच्या खाद्यात आहे. ती खाद्यातलं कॅडमियम अंगात साठवते, म्हणून माणसाच्या ताटासाठी तिच्यापासून सुरुवात करू नये.

मीलवर्म हा एका काळ्या भुंग्याचा अळी-टप्पा. त्याला गुळगुळीत प्लास्टिकवर चढता येत नाही, तो उडी मारत नाही, आवाज करत नाही आणि कोरड्यात राहतो, म्हणून वासही फारसा येत नाही. नवशिक्याला एवढ्या सवलती दुसरा कुठलाच किडा देत नाही. त्याची गती मात्र मंद असते. अंडं साधारण आठवड्यात फुटतं, अळी मोठी व्हायला अडीच-तीन महिने घेते, मग आठ-दहा दिवस कोष आणि त्यातून पांढरट, मग तपकिरी, मग काळा होत जाणारा भुंगा. तो दोन-तीन महिने जगतो आणि मादी काहीशे अंडी घालते.

भुंगे आपलीच अंडी खातात, हा इथला मुख्य अडसर. उपाय सोपा आहे. भुंग्यांच्या ट्रेचा तळ कापून तिथे दोन मिलिमीटरची जाळी लावा आणि तो ट्रे कोंडा भरलेल्या दुसऱ्या ट्रेवर ठेवा. अंडी कोंड्यातून खाली झिरपतात. दर आठवड्याला खालचा ट्रे बदला, त्यावर तारीख लिहा, आणि तुमच्याकडे एकाच वयाच्या अळ्यांची तुकडी आपोआप तयार होते. एकाच वयाच्या तुकड्या ठेवणं फार महत्त्वाचं आहे. मिसळलेल्या वयांत मोठ्या अळ्या कोषांना खातात आणि काढणीच्या वेळी निवडण्यात जीव जातो.

खाद्य म्हणून गव्हाचा कोंडा मुख्य, त्यात थोडी पेंड किंवा यीस्ट घातलं तर वाढ चांगली होते. ओलावा गाजराच्या किंवा बटाट्याच्या कापांतून द्यायचा, दोन दिवसांत संपतील इतकेच. बुरशी धरलेला तुकडा दिसला की लगेच काढा. भाजीवर कीटकनाशकाची फवारणी झालेली असेल तर किडा मरणारच, ते औषध त्याच्यासाठीच बनवलेलं असतं. म्हणून भाजीचा पुरवठा कुठून येतो हे ठाऊक असल्याशिवाय ती ट्रेमध्ये जाऊ देऊ नका. साली काढून आतला भाग देणं अधिक सुरक्षित.

कोंडा आणला की तीन-चार दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवा आणि मगच वापरा. यानं धान्यातले माइट, म्हणजे कोळ्याच्या जातीचे अतिसूक्ष्म जीव, आणि इतर किडी मरतात. माइट हा मीलवर्मपालकाचा खरा शत्रू आहे. हवेतली आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर गेली की तो उसळतो. ट्रेच्या कडेवर बारीक तपकिरी धूळ दिसते, ती बोटानं एका बाजूला सारली की थोड्या वेळानं परत पसरलेली असते. तसं दिसलं तर ओली भाजी बंद करा, हवा वाढवा, आणि तुकडी हाताबाहेर गेली असेल तर सरळ गोठवून टाका. वाचवत बसलात तर बाकीचे ट्रेही जातील.

तळाशी साचणारी विष्ठा बारीक, कोरडी, वाळूसारखी असते. अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून ती खाली पडते आणि झाडांना उत्तम खत होते. चाळताना मास्क लावा. ही धूळ रोज श्वासातून गेली तर पाळणाऱ्यालाच दमा आणि ॲलर्जी जडते, हे या क्षेत्रात नोंदलेलं दुखणं आहे. माझ्या ओळखीतल्या चांगल्या पालकांनी केवळ या कारणानं काम सोडलेलं मी पाहिलं आहे.

रातकिडे जास्त कष्टाचे, पण चवीला सरस आणि वेगवान. ३० अंशांना अंडी दहा ते तेरा दिवसांत फुटतात आणि पुढे सहा-सात आठवड्यांत काढणीला येतात. अर्धा मीटर उंच गुळगुळीत खोकं, वरच्या कडेला आतून रुंद, गुळगुळीत चिकटपट्टी म्हणजे ते चढू शकत नाहीत, आणि आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे लावलेले. ट्रे आडवे ठेवले तर विष्ठा खोलगट खळ्यांत साचते आणि तिथेच रोग मुरतो. उभे ठेवले की ती तळाशी पडते. पिल्लं मुंगीएवढी असतात आणि पाण्याच्या थेंबात बुडून मरतात, म्हणून त्यांना ओला स्पंज किंवा खडे भरलेली उथळ बशी द्या.

अंडी घेण्याचं काम पाहण्यासारखं असतं. ओल्या कोकोपीटनं, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशानं, भरलेला उथळ डबा पूर्ण वाढलेल्या रातकिड्यांच्या खोक्यात ठेवला की तासाभरात माद्या त्यावर येतात. मादीच्या मागच्या टोकाला सुईसारखी लांब नळी असते. ती शरीर कमानीसारखं वाकवून ही नळी कोकोपीटमध्ये उभी खुपसते, क्षणभर थांबते, काढते, आणि बोटभर अंतरावर पुन्हा खुपसते. दोन दिवसांनी डबा उचलून त्याची बाजू पारदर्शक असेल तर पाहा, तांदळाच्या कणीपेक्षाही बारीक, फिकट पिवळी अंडी थराथरानं दिसतात. एक मादी महिन्याभरात हजाराच्या वर अंडी घालू शकते. डब्याला झाकण लावून ऊब द्या आणि कोकोपीट सुकू देऊ नका. पहिले आठ दिवस ते एकदा जरी पूर्ण कोरडं पडलं तरी तुकडी गेली.

खोक्यातून अमोनियाचा, डोळ्यांत चरचरणारा वास आला तर ओलावा जास्त झाला आहे. निरोगी खोक्याला कोरड्या धान्यासारखा वास असतो. मी आकड्यांच्या यंत्रापेक्षा नाकावर जास्त भरवसा ठेवतो, कारण यंत्र खोलीचं सांगतं आणि नाक खोक्याचं.

खाद्यात २० टक्क्यांच्या पुढे प्रथिन असू द्या, नाहीतर रातकिडे एकमेकांना, विशेषतः कात टाकणाऱ्या मऊ भावंडांना खातात. कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य वापरायचं तर त्यात कोक्सिडिओसिस या कोंबड्यांच्या आतड्याच्या रोगाची औषधं मिसळलेली नाहीत याची पिशवीवर खात्री करा. ती औषधं किड्यातून तुमच्या पोटात जातील. काढणीच्या आधीचे दोन-तीन आठवडे मी खाद्यात कोंडा आणि भाजीचा वाटा वाढवतो, चवीत फरक पडतो.

आता रोगाबद्दल, कारण याविषयी गाफील राहिलेले लोक उभे राहत नाहीत. घरगुती रातकिड्याला डेन्सोव्हायरस होतो. युरोपात तो १९७७ मध्ये सापडला आणि २००९-१० च्या सुमारास त्यानं उत्तर अमेरिकेतली रातकिड्यांची मोठमोठी केंद्रं बसवली. लागण झालेले किडे वाढ थांबवतात, पाठीवर पडून पाय हलवत राहतात, आणि काही दिवसांत खोकंच्या खोकं संपतं. औषध नाही. विषाणू खोलीत चिवटपणे टिकून राहतो. त्यामुळे अनेकांनी पट्टेरी रातकिडा किंवा जमैकन शेतरातकिडा अशा, या विषाणूला दाद न देणाऱ्या जाती धरल्या आहेत. तुमच्या देशात त्या पाळायची मुभा असेल तर त्याच घ्या. नाहीतर शिस्त हाच उपाय: एक खोकं म्हणजे एक तुकडी, ती पूर्ण काढायची, खोकं धुऊन निर्जंतुक करून वाळवायचं, पुठ्ठे जाळायचे, मगच नवी पिल्लं. दुसऱ्याच्या शेतावरून आलेले किडे, पुठ्ठे, अगदी त्याच्या खोलीत घातलेली चप्पलही आपल्या खोलीत नको. आणि प्रजननाचे काही किडे वेगळ्या खोलीत, वेगळ्या अवजारांसह ठेवा. मुख्य खोली गेली तरी जात हातात राहते.

काढणीच्या आदल्या दिवशी खाद्य बंद करा, फक्त पाणी. २४ तासांत पोट रिकामं होतं आणि चव व स्वच्छता दोन्ही सुधारतात. मग किडे आधी फ्रिजमध्ये थंड करा, ते सुस्त होतात, आणि मग उणे १८ अंशांवर किमान एक-दोन दिवस गोठवा. त्यांना वेदना किती होतात यावर शास्त्रज्ञांत एकमत नाही, म्हणून संशयाचा फायदा किड्याला देऊन हळूहळू थंडावण्याची ही पद्धत मी सोडत नाही.

गोठवलेले किडे धुऊन पाच मिनिटं खळखळत्या पाण्यात उकळा. किडा आपण आतड्यासकट खातो, त्यामुळे त्याच्या पोटातले जीवाणूही आपल्याकडे येतात. उकळल्यानं बहुतेक मरतात, पण बॅसिलस कुळातले बीजाणू मरत नाहीत. उकडलेले ओले किडे खोलीच्या तापमानाला दोन-तीन तास राहिले तर ते बीजाणू रुजतात, आणि अन्नविषबाधा होते ती अशीच. म्हणून उकळल्यावर एकतर लगेच खा, लगेच फ्रीझरमध्ये टाका किंवा लगेच वाळवायला घाला. वाळवण ७० ते ८० अंशांवर, किडा बोटांत कुरकुरीत चुरडेपर्यंत. मध्ये मऊ लागला तर अजून वेळ हवा. रातकिड्याचे मागचे पाय चाळून काढा, त्यांवर काटे असतात. पूड हवाबंद डब्यात, फ्रीझरमध्ये. मीलवर्मच्या सुक्या वजनात ३० टक्क्यांच्या आसपास चरबी असते आणि ती लवकर खवट होते.

कोळंबी, खेकडा यांची ॲलर्जी असलेल्यांनी किडे खाऊ नयेत. कोळंबी-खेकड्यांत आणि किड्यांत ट्रोपोमायोसिन हे प्रथिन सारखं असतं आणि शरीर फरक करत नाही. घरातल्या धुळीच्या माइटची ॲलर्जी असलेल्यांनाही धोका आहे. घरातल्या प्रत्येकाला पहिल्यांदा चिमूटभरच द्या आणि एक दिवस थांबा. पाहुण्याला न सांगता कधीही वाढू नका.

पोषणाविषयी थोडक्यात. आवश्यक अमिनो आम्लं सगळी मिळतात, रातकिड्यात बी-१२ चांगलं असतं, मीलवर्ममध्ये कमी. पण पाकिटावरच्या प्रथिनाच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. प्रयोगशाळेत नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ नं गुणतात. किड्याच्या कवचातल्या कायटिनमध्येही नायट्रोजन असतो आणि ते प्रथिन नव्हे. २०१७ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी मीलवर्म आणि तत्सम अळ्यांसाठी ४.७६ हा गुणक सुचवला. म्हणजे ६० टक्के छापलेलं असेल तर प्रत्यक्षात ४६ च्या आसपास धरावं. रातकिड्यांच्या पुडीतही काही कपात करावी लागते. मी घरच्या हिशेबाला सरसकट ५० टक्के धरतो.

आता तुमच्या खोलीचं गणित. साठ किलो वजनाच्या माणसाला दिवसाला साधारण ५० ग्रॅम प्रथिन लागतं, चौघांना २००. त्यातला चौथा हिस्सा, म्हणजे ५० ग्रॅम, किड्यांतून यावा असं धरू. त्यासाठी १०० ग्रॅम पूड, म्हणजे सुमारे ४०० ग्रॅम ताजे रातकिडे रोज. महिन्याला १२ किलो. एक मोठा रातकिडा अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, तेव्हा महिन्याला चोवीस हजार रातकिडे आणि त्यांना चोवीस किलोच्या आसपास खाद्य. पन्नास-साठ लिटरच्या नीट सांभाळलेल्या खोक्यातून एक ते दीड किलो निघतात, म्हणजे आठवड्याला दोन-तीन खोकी काढावी लागतील. सात आठवड्यांचं चक्र धरलं तर एकावेळी पंधरा ते वीस खोकी चालू हवीत, शिवाय प्रजननाची दोन. इतकी खोकी एका खोलीत फळ्यांवर आरामात बसतात. रोजचं काम तासाभराचं, पण ते रोजचं आहे. चार दिवस बाहेरगावी गेलात आणि पाणी संपलं तर मागे काही उरत नाही. तुमच्या जागी तासाभरासाठी येईल असा माणूस आधी तयार ठेवा.

मीलवर्मसाठी खोलीचा एक कोपरा पुरे. अर्धा किलो अळ्या विश्वासू पालकाकडून घ्या आणि त्यातल्या एकालाही कढईत जाऊ देऊ नका, सगळ्या कोषात जाऊ द्या. त्यातून येणारे भुंगे हा तुमचा पाया. खाण्यासाठी पहिली तुकडी त्यांच्या अंड्यांतून येईल, साधारण चौथ्या-पाचव्या महिन्यात, आणि तोवर तुमच्या खोलीचं तापमान, ओलावा आणि कोंड्याचा पुरवठा यांतले सगळे कच्चे दुवे तुम्हाला कळलेले असतील. रातकिड्यांची खोकी त्यानंतरच विकत घ्या.